बोर्डात न्यूट्रल आहे का?

स्मार्ट स्विच घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकाला जाणकार दुकानदार पहिल्यांदा हेच विचारतो: “बोर्डात न्यूट्रल आहे का?” गिऱ्हाईक गोंधळतं. घरात दिवे लागतात, पंखे फिरतात, म्हणजे न्यूट्रल असणारच की! घरात तो असतोच, यात शंका नाही. पण ज्या स्विचच्या जागी नवा स्विच बसवायचा, त्याच्या मागच्या बॉक्सपर्यंत तो पोहोचला आहे का? स्मार्ट स्विच बसणार की डब्यासकट दुकानात परत जाणार, हे बहुतेक वेळा यावरच ठरतं.

लोक आणखीही बरंच विचारतात. बंद केलेला एलईडी रात्री लुकलुकतो, तो का? घरात इन्व्हर्टर आहे, मग चालेल का? गीझरला लावला तर? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये नाही. ती सगळी भिंतीतल्या वायरिंगमध्ये आहेत. म्हणून या प्रकरणात आपण अ‍ॅपकडे फारसं पाहणार नाही. बोर्डाच्या मागे काय असतं, ते पाहू.

१. साधा स्विच काय करतो

आपल्या घरी येणारी वीज २३० व्होल्टची, सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होणारी. ती दोन वायरींतून येते. एक फेज, दुसरी न्यूट्रल. न्यूट्रल गावातल्या किंवा सोसायटीच्या ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतो, त्यामुळे त्याचा दाब जमिनीच्या जवळपास, म्हणजे शून्याच्या आसपास राहतो. फेजचा दाब जमिनीच्या तुलनेत २३० व्होल्ट. टेस्टर लावल्यावर पेटतो तो फेजवर. तिसरी वायर अर्थिंगची. ती वीज वापरण्यासाठी नसते; बिघाड झाला तर वीज सुखरूप जमिनीत नेण्यासाठी असते.

दिवा लागायला फेज आणि न्यूट्रल दोन्ही हवेत. वायरमन न्यूट्रल थेट दिव्याच्या होल्डरपर्यंत नेतो. फेज मात्र आधी खाली बोर्डात आणतो, स्विचच्या एका टोकाला जोडतो आणि दुसऱ्या टोकापासून एक वायर वर दिव्याकडे पाठवतो. या परतीच्या वायरला आपले वायरमन ‘हाफ वायर’ म्हणतात. स्विच बंद असला की ती मेलेली, चालू केला की तिच्यात फेज येतो.

स्विच फेजमध्येच का, न्यूट्रलमध्ये का नाही? दिवा दोन्ही प्रकारे बंद होईल. पण न्यूट्रलमधला स्विच बंद केला तर होल्डरमध्ये फेज तसाच राहील, आणि बल्ब बदलताना हात लागला की शॉक बसेल. म्हणून एका खांबाचा (सिंगल पोल) स्विच फेजमध्येच बसवायचा, हा वायरिंगचा पक्का नियम आहे. जुन्या घरांत तो कुठे कुठे मोडलेला दिसतो. स्मार्ट स्विच बसवायच्या निमित्ताने अशी चूक सापडली, तर आधी ती दुरुस्त करून घ्यावी.

साध्या स्विचला स्वतःसाठी वीज लागत नाही, हे इथे लक्षात ठेवा. आत पितळेची एक पट्टी असते. ती टेकली की दिवा लागतो, सुटली की विझतो. म्हणून त्याला दोन वायरी पुरतात: येणारा फेज आणि जाणारी हाफ वायर.

२. स्मार्ट स्विचला वेगळं काय लागतं

स्मार्ट स्विचमध्ये तीन भाग असतात. रिले: चुंबकाने उघडझाप होणारा छोटा स्विच. वायफाय किंवा झिग्बी या बिनतारी पद्धतींतून आलेला संदेश ऐकणारी चिप. आणि २३० व्होल्टमधून या दोघांना मानवेल असा ३ ते ५ व्होल्टचा डीसी पुरवठा तयार करणारा एक इवलासा पॉवर सप्लाय.

दिवा बंद असतानाही ती चिप जागी राहिली पाहिजे, नाहीतर मोबाइलवरून आलेला ‘चालू हो’ हा निरोप ऐकणार कोण? जागं राहायला वीज हवी, आणि विजेला येण्याजाण्याचा पूर्ण मार्ग हवा. फेज स्विचपाशी आहेच. परतीचा मार्ग म्हणजे न्यूट्रल. तो बॉक्समध्ये असेल तर स्मार्ट स्विच फेज आणि न्यूट्रलमधून स्वतःपुरती वीज घेतो आणि दिव्याला रिलेतून वेगळा फेज देतो. दिवा चालू असो वा बंद, चिपला फरक पडत नाही.

ही वीज किती? समजा असा एक स्मार्ट स्विच, म्हणजे त्याचं मॉड्यूल, सतत अर्धा वॉट घेतं. ०.५ गुणिले २४ तास गुणिले ३६५ दिवस, म्हणजे वर्षाला ४३८० वॉट-तास, साधारण ४.४ युनिट. घरात अशी दहा मॉड्यूल असली तर वर्षाला ४४ युनिट. खर्च मोठा नाही, पण शून्यही नाही. ‘स्मार्ट स्विचने वीज वाचते’ असं सांगणारे हा आकडा सांगत नाहीत. दिवे-पंखे विसरून चालू राहत असतील तर बचत होते. ते आधीच वेळेवर बंद करणाऱ्या घरात बिल किंचित वाढेल.

३. आपले बोर्ड आणि परदेशी व्हिडिओ

यूट्यूबवर ‘नो न्यूट्रल’ नावाची मोठी तक्रार दिसते. ती बरीचशी अमेरिका-इंग्लंडची आहे. तिकडे दाराजवळच्या छोट्या बॉक्समध्ये बहुधा एकदोन स्विचच असतात आणि सॉकेट वेगळीकडे, खाली भिंतीत. इंग्लंडमध्ये फेज-न्यूट्रलची जोडणी छतातल्या गोल बॉक्समध्ये करून स्विचपर्यंत फक्त येणारी-जाणारी वायर सोडायची पद्धत रुळलेली आहे. अमेरिकेत तर अशा उपकरणांची गरज ओळखून तिथल्या वायरिंग संहितेने २०११च्या आवृत्तीत स्विचच्या जागी न्यूट्रल आणून ठेवण्याचा नियम घातला.

आपली रीत वेगळी. आपल्या खोलीत एक मोठा बोर्ड असतो: तीनचार स्विच, पंख्याचा रेग्युलेटर आणि एक पाच पिनांचं सॉकेट. मोबाइल चार्जर त्या सॉकेटला लागतो, म्हणजेच त्याच्या मागे फेज, न्यूट्रल आणि बहुधा अर्थिंग, तिन्ही आलेले असतात. समोरून पाहिलं तर सॉकेटचं उजवीकडचं भोक फेजचं, डावीकडचं न्यूट्रलचं आणि वरचं मोठं अर्थिंगचं. तेव्हा ज्या बोर्डावर चालू सॉकेट आहे, त्यात न्यूट्रल सापडण्याची शक्यता खूप जास्त. भारतीय घराला मिळालेली ही मोठी सोय आहे, आणि परदेशी माहिती वाचून घाबरलेल्यांना ती ठाऊक नसते.

न्यूट्रल सापडत नाही तो सुट्या स्विचपाशी: बाथरूमच्या बाहेरचा एकटा स्विच, पलंगाच्या उशाचा, जिन्याचा, बाल्कनीच्या दाराजवळचा. तिथे सॉकेट नाही, म्हणून वायरमनने न्यूट्रल ओढलेला नसतो. त्या काळी त्याची गरजच नव्हती.

परदेशी व्हिडिओ पाहून काम करणाऱ्यांसाठी दुसरा धोका रंगांचा आहे आणि तो जिवावर बेतू शकतो. आपल्याकडे रूढ पद्धत अशी: लाल, पिवळी किंवा निळी वायर फेजची, काळी न्यूट्रलची, हिरवी अर्थिंगची. अमेरिकेत काळी वायर फेजची असते आणि न्यूट्रल पांढरा. इंग्लंडमध्ये आता तपकिरी फेज आणि निळा न्यूट्रल. तिकडचा व्हिडिओ पाहून कोणी आपल्या घरातली निळी वायर न्यूट्रल समजला, तर थ्री फेज जोडणीच्या घरात तो सरळ फेजला हात घालेल. शिवाय कामाच्या घाईत हातात आलं ते बंडल वापरण्याची सवय आपल्याकडे आहेच. रंगावर विश्वास ठेवायचा नाही, मोजूनच ठरवायचं.

४. मोजायचं कसं, आणि फसगत कुठे होते

बोर्ड उघडण्याआधी मेन स्विच बंद करायचा, एवढं सगळ्यांना माहीत असतं. इन्व्हर्टर असलेल्या घरात तेवढं पुरत नाही. मेन बंद होताच इन्व्हर्टरला वाटतं वीज गेली, आणि तो लगेच दिव्यापंख्यांच्या लाइनमध्ये २३० व्होल्ट सोडतो. मेन बंद करून बेफिकीर झालेल्या माणसाच्या हातात जिवंत फेज येतो. इन्व्हर्टर स्वतंत्रपणे बंद करावा, त्याच्या आउटपुटची जोडणी सोडवावी आणि मग टेस्टरने प्रत्येक वायर तपासावी. टेस्टर आधी चालू असलेल्या सॉकेटमध्ये पेटतो ना, तेही बघून घ्यावं.

वीज चालू ठेवून मोजमाप करणं हे परवानाधारक वायरमनचं काम. पण तो काय करतो, हे घरमालकाला कळलं पाहिजे, म्हणजे नेमका प्रश्न विचारता येतो.

टेस्टर फेजवर पेटतो. न्यूट्रलवर पेटत नाही. अर्थिंगवरही नाही, बंद स्विचच्या हाफ वायरवर नाही आणि कुठेच न जोडलेल्या मेलेल्या वायरवरही नाही. म्हणून ‘टेस्टर पेटत नाही, म्हणजे हा न्यूट्रल’ हा निष्कर्ष चुकीचा आहे. मल्टिमीटर लागतो. फेज आणि संशयित वायर यांच्यात तो २३०च्या आसपास आकडा दाखवत असेल, तर ती न्यूट्रल असू शकते.

‘असू शकते’ म्हणायला कारण आहे. बंद स्विचची हाफ वायर वर दिव्यातून न्यूट्रललाच जोडलेली असते. मल्टिमीटरला जेमतेम प्रवाह लागतो, तेवढा त्या दिव्यातून सहज मिळतो, आणि हाफ वायरही न्यूट्रलसारखी २३० दाखवते. हौशी माणूस हटकून इथे फसतो. तो हाफ वायर न्यूट्रल समजून मॉड्यूलला जोडतो आणि मग मॉड्यूल कधी चालतं, कधी नाही. उपाय सोपा आहे: मोजण्याआधी त्या बोर्डावरचे सगळे बल्ब काढून ठेवायचे, पंख्यांचीही जोडणी सोडवायची. तरीही आकडा २३०च राहिला, तर ती वायर न्यूट्रल किंवा अर्थिंग आहे. या दोघांतला फरक मल्टिमीटरच्या एका आकड्यावरून कळत नाही. वीज पूर्ण तोडून ती वायर डीबीतल्या, म्हणजे घराच्या मुख्य वीजपेटीतल्या, न्यूट्रलच्या पट्टीला जाते की अर्थिंगच्या, हे वायरमनला शोधावं लागतं. हा शोध त्याने घ्यायलाच हवा. का, ते आता पाहू.

५. अर्थिंगला न्यूट्रल करू नका

“न्यूट्रल नाही, पण हिरवी वायर आहे, तीच जोडतो, चालेल,” असं सांगणारे भेटतात. आणि ते खरंच चालतं; मॉड्यूल सुरू होतं, अ‍ॅपमध्ये दिसतं, दिवा लागतो. म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते.

अर्थिंगची वायर घरभर या सगळ्यांना जोडलेली असते: फ्रिजचं अंग, धुलाई यंत्र, गीझरची टाकी, मिक्सर. मॉड्यूलचा परतीचा प्रवाह या वायरीतून सोडला आणि पुढे कुठे ती तुटली किंवा सैल झाली, तर त्या प्रवाहाला जमिनीकडे वाट राहत नाही. मग मॉड्यूलच्या आतून आलेला फेजचा दाब तुटलेल्या जागेच्या अलीकडच्या सगळ्या धातूच्या अंगांवर चढतो. ओल्या पायांनी फ्रिजला हात लावणाऱ्याला झटका बसतो, आणि दोष फ्रिजवर जातो.

दुसरा परिणाम आरसीसीबीवर. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हे आरसीसीबी सतत पाहत असतो. माणसाच्या संरक्षणासाठीचा आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो आणि १५ ते ३०च्या दरम्यान कधीही पडू शकतो. एक मॉड्यूल दोनपाच मिलिअँपिअर अर्थिंगमध्ये सोडत असेल तर लगेच काही कळत नाही. सहा-आठ मॉड्यूल झाली की आरसीसीबी अवेळी पडू लागतो. मग कोणीतरी ‘हा सारखा त्रास देतो’ म्हणून तो काढून टाकतो, आणि घरातलं शॉकपासून वाचवणारं एकमेव उपकरण जातं. एमसीबी ते काम करत नाही. तो वायर जळण्यापासून वाचवतो, माणसाला नाही.

अर्थिंगवर चालणारा स्मार्ट स्विच आढळला तर तो त्याच दिवशी काढावा, याबद्दल माझ्या मनात कसलाही संदेह नाही.

६. न्यूट्रल नसलाच तर

चार वाटा आहेत. पहिली, न्यूट्रल ओढून आणणं. कन्सील्ड पाइपमध्ये जागा असेल तर वायरमन जुन्या वायरीला नवी बांधून ओढतो. केसिंग-कॅपिंगची पट्टी असेल तर काम आणखी सोपं. मात्र न्यूट्रल त्याच सर्किटचा हवा. शेजारच्या खोलीच्या वेगळ्या सर्किटमधून उसना घेतला तर पुढे दोष शोधणं अवघड होतं, आणि दोन सर्किटांना वेगळे आरसीसीबी असतील तर तेही पडू लागतात.

दुसरी वाट म्हणजे ‘नो न्यूट्रल’ प्रकारचा स्विच. हा दिवा बंद असतानाही त्याच्यातून अगदी थोडा प्रवाह वाहू देतो आणि त्यावर स्वतः जगतो. अर्ध्या वॉटसाठी साधारण २ मिलिअँपिअर लागतात. जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब २६० मिलिअँपिअर घ्यायचा. २ने त्याची तार कोमटही होत नसे. ९ वॉटचा एलईडी बल्ब मुळात जेमतेम ४० मिलिअँपिअरचा, आणि त्याच्या आत वीज साठवणारा कपॅसिटर असतो. ठिबकणाऱ्या नळाखाली ठेवलेलं भांडं थेंबाथेंबाने काठोकाठ भरतं, तसा तो कपॅसिटर त्या २ मिलिअँपिअरने भरत जातो. पुरेसा भरला की बल्ब क्षणभर चमकतो, रिकामा होतो, पुन्हा भरू लागतो. मध्यरात्री बंद दिवा लुकलुकतो तो यामुळे. त्यात भुताटकी नाही, आणि बल्बचा दोषही नाही.

यावर दिव्यापाशी, त्याच्या दोन टोकांमध्ये, एक छोटा बायपास कपॅसिटर लावतात. थेंबाथेंबाचा प्रवाह त्यातून निघून जातो. पुष्कळ कंपन्या तो स्विचबरोबरच देतात. तो स्विचपाशी लावून उपयोग नाही, वर दिव्यापाशीच हवा. अशा स्विचच्या डब्यावर किमान किती वॉटचा दिवा हवा तेही लिहिलेलं असतं. ३ वॉटच्या रात्रीच्या दिव्यावर तो बहुधा नीट चालणार नाही. वायफायच्या मानाने झिग्बीची चिप कमी वीज घेते, म्हणून या प्रकारात झिग्बीचे स्विच अधिक भरवशाचे वाटतात. त्यांना वेगळा हब लागतो, एवढं लक्षात घ्यावं.

तिसरी वाट मला जास्त पटते: मॉड्यूल खाली स्विचमागे न बसवता वर दिव्यापाशी बसवायचं. तिथे न्यूट्रल असतोच. खालच्या बॉक्समध्ये फेज आणि हाफ वायर कायमची जोडून टाकली की वर सतत फेज मिळतो. भिंतीवर जुन्या स्विचच्या जागी बॅटरीवर चालणारं बिनतारी बटण येतं. फॉल्स सीलिंगच्या घरात हे काम नीटनेटकं होतं. फक्त मॉड्यूलपर्यंत पुन्हा हात पोहोचेल अशी जागा ठेवावी.

चौथी वाट स्मार्ट बल्बची. भाड्याच्या घरात तीच योग्य, कारण वायरिंगला हातच लावावा लागत नाही.

७. इन्व्हर्टरचं घर

महाराष्ट्रात भारनियमनाच्या वर्षांनी घराघरांत इन्व्हर्टर आणला, आणि त्याबरोबर वायरिंगमध्ये एक बदल आला जो परदेशी पुस्तिकेत कुठेही सापडणार नाही. अशा घरात एकाच बोर्डात दोन फेज असतात. एक थेट मीटरकडून येणारा, सॉकेट आणि जड उपकरणांसाठी. दुसरा इन्व्हर्टरच्या आउटपुटचा, दिवे आणि पंख्यासाठी. न्यूट्रल बहुधा दोघांचा एकच.

जुन्या बोर्डात याने काही बिघडत नाही, कारण प्रत्येक स्विच सुटा असतो. दोघांना इन्व्हर्टरचा फेज, तिसऱ्याला मेनचा. पण बाजारातल्या चार बटणांच्या स्मार्ट पॅनेलला आणि अनेक मॉड्यूलना फेजसाठी एकच टर्मिनल असतं. आत चारही रिले त्याच फेजवर जोडलेले असतात. बोर्डात फेजच्या दोन वायरी आहेत आणि पॅनेलला भोक एकच, असं दिसल्यावर घाईतला माणूस दोन्ही पिळून एकाच टर्मिनलमध्ये घालतो.

त्या क्षणी मेन आणि इन्व्हर्टरचं आउटपुट एकमेकांना जोडले जातात. मेनमध्ये वीज असेपर्यंत कदाचित काहीच दिसणार नाही. वीज गेली की इन्व्हर्टर दिव्यांबरोबर गीझर, फ्रिज, पंप सगळं ओढायचा प्रयत्न करतो, आणि त्याची वीज मीटरमधून उलट खांबाच्या दिशेने जाऊ पाहते. वीज बंद आहे समजून लाइनवर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवाला हा धोका आहे. वीज परत आली की दोन वेगळे पुरवठे एकमेकांवर आदळतात आणि इन्व्हर्टर जळतो.

म्हणून इन्व्हर्टरच्या घरात बोर्डावरचा कुठला स्विच कुठल्या फेजवर आहे, हे आधी कागदावर उतरवावं. शोधणं सोपं आहे: मेन बंद करा, जे चालू राहिलं ते इन्व्हर्टरचं. मग दोन उपाय. एक, सॉकेटचा स्विच साधाच ठेवायचा आणि फक्त इन्व्हर्टरच्या फेजवरचे दिवे-पंखे स्मार्ट करायचे. बहुतेक घरांना एवढं पुरेसं असतं. दुसरा, प्रत्येक रिलेची दोन्ही टोकं वेगळी बाहेर काढलेलं मॉड्यूल घ्यायचं. विक्रेत्याला ‘ड्राय कॉन्टॅक्ट’ म्हटलं की कळतं.

थ्री फेज जोडणीच्या बंगल्यातही हाच विचार लागू होतो. एका बोर्डात दोन निराळ्या फेजच्या वायरी आल्या असतील तर त्यांच्यात ४०० व्होल्ट असतात. त्या एका टर्मिनलमध्ये गेल्या की स्फोटासारखा शॉर्ट होतो.

आणखी दोन छोट्या गोष्टी. वायफायचा राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, नाहीतर वीज गेल्यावर स्विच जागे आणि राउटर झोपलेला, अशी अवस्था होते. आणि वीज परत आल्यावर दिवा चालू व्हावा, बंद राहावा की आधी होता तसा व्हावा, ही सेटिंग पहिल्याच दिवशी पाहा. ती चुकीची असेल तर पहाटे वीज येताच सगळं घर उजळतं.

८. दिवा, पंखा, गीझर: कशाला काय चालतं

मॉड्यूलवर ‘१० अँपिअर’ छापलेलं असतं. तो आकडा साध्या तापणाऱ्या तारेसाठी, म्हणजे इस्त्रीसारख्या भारासाठी असतो. एलईडीचा ड्रायव्हर चालू होताना काही क्षण त्याच्या नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतो. एका रिलेवर फॉल्स सीलिंगचे वीसपंचवीस दिवे टाकले तर वॉटांचा हिशेब बसतो, पण त्या धक्क्यांनी रिलेची टोकं कालांतराने चिकटतात. मग अ‍ॅप ‘बंद’ दाखवतं आणि दिवे चालूच राहतात. दिवे दोनतीन रिलेंवर वाटून द्यावेत.

पंख्याला दिव्याचा डिमर कधीही लावू नये. तो विजेची लहर कापून उजेड कमी करतो. पंख्याची मोटर त्यावर गुणगुणते आणि तापते. पंख्यासाठीच्या मॉड्यूलमध्ये नेहमीच्या रेग्युलेटरसारखेच कपॅसिटर असतात आणि वेग पायऱ्यापायऱ्यांनी बदलतो. १ जानेवारी २०२३पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं झाल्यावर कमी वीज घेणारे, बीएलडीसी मोटरचे पंखे घराघरांत येऊ लागले. त्यांना कुठलाच रेग्युलेटर नको. वेग त्यांच्या आतच बदलतो. बाहेरून फक्त चालू-बंद पुरे.

गीझरचा हिशेब करू. २००० वॉट भागिले २३० म्हणजे ८.७ अँपिअर. ३००० वॉटचा असेल तर १३ अँपिअर. दिव्याची वायर एक किंवा दीडची, म्हणजे तितक्या चौरस मिलिमीटर तांब्याची. गीझरला अडीच किंवा चारची लागते. १० अँपिअरच्या रिलेवर रोज अर्धा तास ८.७ अँपिअर चालवणं म्हणजे त्याला सतत काठावर उभं करणं. गीझर आणि एसी यांना १६ अँपिअर किंवा त्याहून मोठं, त्यांच्यासाठीच बनवलेलं युनिट हवं, आणि त्यांचा दोन खांबांचा (डबल पोल) मूळ स्विच तसाच राहिला पाहिजे.

९. जिन्याचा दिवा

खालून लावायचा आणि वरून विझवायचा, असा दिवा टू-वे स्विचवर असतो. फेज एका टोकाच्या स्विचला येतो, हाफ वायर दुसऱ्या टोकाहून दिव्याला जाते, आणि दोघांना दोन वायरी जोडतात. न्यूट्रल दोन्हीकडे बहुधा नसतो. इथे दोन्ही टोकांना स्मार्ट स्विच लावले तर ते एकमेकांची वीज तोडत बसतात. नियम असा की मॉड्यूल एकच, आणि तेही जिथे कायम फेज आणि न्यूट्रल मिळेल तिथे. दुसऱ्या टोकाच्या वायरी सरळ जोडून तिथे बिनतारी बटण लावलं की काम भागतं.

१०. बॉक्समधली जागा

एका बॉक्समध्ये पाच स्विच, एक सॉकेट, रेग्युलेटर आणि दहापंधरा वायरी आधीच कोंबलेल्या असतात. त्यात मॉड्यूल दाबून बसवलं तर हवा खेळत नाही आणि वायरीचं आवरण पत्र्याच्या कडेला घासतं. लोखंडी बॉक्स वायफायची लहरही अडवतो. ही मॉड्यूल बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच बोलतात, तेव्हा आधी बोर्डाशेजारी मोबाइल धरून त्या पट्ट्यात सिग्नल येतो का, ते पाहावं. टर्मिनलचा स्क्रू सैल राहिला तर सांधा तापतो आणि प्लास्टिक वितळतं. काम झाल्यावर वायरमनला प्रत्येक वायर ओढून दाखवायला सांगा. चांगला वायरमन न सांगताच ते करतो.

११. भिंती उघड्या असतील तेव्हा

नवं घर बांधताय, किंवा जुन्याचं नूतनीकरण काढलंय? मग आज स्मार्ट स्विच घ्यायचे नसले तरी वायरमनला चार गोष्टी सांगून ठेवा. प्रत्येक स्विचच्या बॉक्सपर्यंत, जिन्याच्या आणि बाथरूमच्या सुट्या स्विचपर्यंतही, त्याच सर्किटचा न्यूट्रल आणि अर्थिंग ओढा. बॉक्स मिळेल तितका खोल घ्या. इन्व्हर्टरचा फेज वेगळ्या रंगाचा वापरा आणि तो रंग घरभर एकच ठेवा. प्लास्टर चढण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा आणि घराच्या कागदपत्रांत ठेवा.

प्लास्टर होण्याआधी ओढलेल्या एका जादा काळ्या वायरीचा खर्च बॉक्समागे काही रुपये येतो. रंग दिलेली भिंत फोडून तीच वायर नंतर ओढायची तर गवंडी, रंगारी आणि वायरमन तिघांची मजुरी द्यावी लागते.